बाळाच्या डोक्याला मार लागला तर : मेंदूचा फोटो काय सांगतो, काय सांगत नाही



दीड वर्षापूर्वीची गोष्ट. सोयाबीनची काढणी चालू होती, म्हणून एका गटाची मासिक बैठक रात्री आठला ठेवली होती. बचत गोळा झाली, हप्ते वहीत चढले, सह्या-अंगठे झाले. सगळ्याजणी उठायच्या बेतात असताना मागे बसलेली एक ताई पुढे आली. तिच्या हातात दवाखान्याचं मोठं पाकीट होतं. तिचं नऊ महिन्यांचं बाळ कठडा नसलेल्या जिन्यावरून पडलं होतं. जिल्ह्याच्या गावी बारा दिवस राहून ती दोनच दिवसांपूर्वी घरी आली होती. तिनं पाकिटातून काळी फिल्म काढली, बल्बसमोर धरली आणि मला विचारलं, "ताई, ह्यात लिवलंय का, माझं लेकरू चालंल का?"

मला उत्तर देता आलं नाही. मी समाजकार्य शिकले आहे, डॉक्टरकी नाही. पण तिच्या घरात उत्तर आधीच ठरून गेलं होतं. रिपोर्टमधले दोन-तीन मोठे शब्द कुणीतरी मोबाईलवर शोधले आणि 'पोराचा मेंदू गेला' असं सगळ्या भावकीत झालं. सासूबाई म्हणत होत्या, आता दवाखान्यात पैसा घालून काय उपयोग? आणि "तुझं लक्ष कुठं होतं?" हा प्रश्न तर दिवसातून दहा वेळा.

पुढच्या तपासणीला मी तिच्यासोबत गेले. नंतरही चार-पाच वेळा गेले. डॉक्टरांना विचारून आणि वाचून जे समजलं ते इथे लिहिते आहे. तिनं "लिही, पण नाव नको" असं सांगितलं, म्हणून नाव आणि गाव लिहिलेलं नाही.

बाळाचं डोकं आपल्यापेक्षा वेगळं असतं

बाळाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं आणि जड असतं, मानेत ताकद कमी असते. म्हणून बाळ पडलं की बहुतेक वेळा डोकंच आधी आपटतं. कवटीची हाडं पातळ असतात आणि ती अजून पूर्ण जुळलेली नसतात. आपण जिथे तेल घालून टाळू भरतो, ती मऊ जागा म्हणजे हाडांमधली फट. पुढची टाळू साधारण दीड वर्षापर्यंत भरून येते, काहींची थोडी आधी, काहींची थोडी उशिरा.

या टाळूचा एक उपयोग आहे. बाळ शांत असताना, उभं धरलेलं असताना टाळू फुगलेली, ताठ लागली तर आत दाब वाढला असण्याची शक्यता असते. रडताना ती थोडी वर येते, ते वेगळं. रोज तेल लावणाऱ्या आईच्या किंवा आजीच्या हाताला हा फरक लगेच कळतो.

प्रत्येक पडण्याला फोटो लागतो का?

नाही. बाळं पडतात, टेंगूळ येतं, थोडं रडतात आणि पुन्हा खेळायला लागतात. बहुतेकांना काहीच होत नाही. अमेरिकेतल्या २५ रुग्णालयांनी मिळून याचा मोठा अभ्यास केला, तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. डोक्याला मार लागून आलेली, पण शुद्धीवर असलेली ४२,४१२ मुलं त्यांनी तपासली. त्यांतल्या ३७६ मुलांना खरोखर गंभीर इजा निघाली, म्हणजे शंभरात एकापेक्षाही कमी. मेंदूच्या ऑपरेशनची गरज ६० जणांना लागली. यावरून त्यांनी एक नियम बसवला. दोन वर्षांखालच्या बाळांमध्ये डॉक्टर या सहा गोष्टी बघतात :

१. बाळ गुंगीत आहे, चिडचिडं आहे, नेहमीसारखं बघत नाही.
२. डोक्याच्या बाजूला, मागे किंवा वर टेंगूळ आहे. कपाळावरचं टेंगूळ त्या मानाने कमी काळजीचं.
३. पडल्यावर पाच सेकंद किंवा जास्त वेळ शुद्ध हरपली होती.
४. तीन फुटांपेक्षा उंचावरून पडलं, किंवा गाडीचा अपघात झाला, किंवा जड वस्तू डोक्यावर जोरात आदळली.
५. कवटीला हाताने तपासल्यावर मोड लागतो.
६. आई-वडील म्हणतात, "हे नेहमीसारखं वागत नाहीये."

यातलं एकही नसेल तर फोटोची गरज सहसा लागत नाही. एखादं असेल तर फोटो काढायचा की दवाखान्यातच काही तास लक्ष ठेवायचं, हे डॉक्टर ठरवतात.

सहावा मुद्दा पुन्हा वाचा. आईचं म्हणणं ही या नियमातली एक तपासणी आहे. तेव्हा डॉक्टरांसमोर गप्प बसू नका. कुठून पडलं, कशावर पडलं, लगेच रडलं की थोड्या वेळाने, किती उलट्या झाल्या, सगळं सांगा. घरचे रागावतील म्हणून उंची कमी सांगू नका. बाज दीड फुटाची असते आणि जिना सात-आठ फुटांचा. डॉक्टरांचा निर्णय तुमच्या या एका वाक्यावर बदलू शकतो.

थांबू नका, लगेच निघा

पुढचं काहीही दिसलं तर १०८ ला फोन करा आणि निघा :

- पुन्हा पुन्हा उलट्या होणं
- उठवूनही नीट जाग न येणं, अंगावर न पिणं
- झटके येणं
- कानातून किंवा नाकातून रक्त किंवा पाण्यासारखं काही येणं
- टाळू फुगणं, दोन डोळ्यांच्या बाहुल्या लहान-मोठ्या दिसणं
- एक हात किंवा पाय न हलवणं
- नेहमीपेक्षा वेगळं, चिरकं, न थांबणारं रडणं

तीन महिन्यांखालचं बाळ डोक्यावर पडलं असेल तर लक्षण नसलं तरी दाखवून घ्या.

नेताना मान सरळ राहील असं धरा. रक्त येत असेल तर स्वच्छ कापड ठेवा, पण हाड आत गेल्यासारखं वाटलं तर तिथे जोराने दाबू नका. झटका आला तर कुशीवर वळवा, तोंडात बोट, चमचा, पाणी काही घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवल्याने झटका थांबत नाही, तेवढा वेळ मात्र वाया जातो. दृष्ट काढायची असेल तर परत आल्यावर काढा, त्याला कुणाची ना नाही.

सीटी आणि एमआरआय : दोन वेगळे फोटो

आपल्याकडे दोन्हींना 'मशीनमधला फोटो' म्हणतात. पण दोघांची कामं वेगळी आहेत.

सीटी स्कॅन म्हणजे अनेक बाजूंनी काढलेला क्ष-किरणांचा फोटो. काही मिनिटांत होतो. ताजा रक्तस्राव, कवटीचा मोड, मेंदूवर आलेला दाब यात पटकन दिसतो. 'आत्ता ऑपरेशन लागेल का?' या प्रश्नाचं उत्तर सीटी देतं, म्हणून अपघातानंतर आधी तेच काढतात. यात किरणोत्सर्ग असतो आणि लहान बाळाला त्याचा धोका मोठ्या माणसापेक्षा जास्त असतो. एका फोटोचा धोका थोडाच, पण 'खात्रीसाठी काढून टाका' असा आग्रह आपण धरू नये. डॉक्टर गरज आहे म्हणाले तर मात्र नाहीही म्हणू नये. बाळासोबत खोलीत थांबणारी बाई गरोदर असेल तर तिनं आधी सांगावं.

एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात, मोठं लोहचुंबक असतं. वेळ जास्त लागतो, कधी अर्धा-पाऊण तास, आणि मशीन खूप आवाज करतं. तेवढा वेळ बाळ हललं तर फोटो बिघडतो. अगदी लहान बाळाला काही ठिकाणी दूध पाजून, दुपट्यात घट्ट गुंडाळून, कानाला आवाजाचं झाकण लावून झोपेतच फोटो काढतात. थोड्या मोठ्या बाळाला झोपेचं औषध किंवा भूल द्यावी लागते आणि त्याआधी काही तास पोट रिकामं ठेवावं लागतं. तेव्हा 'पाजून आणा' सांगितलंय की 'उपाशी आणा', हे नीट ऐकून या. भूल द्यायची असताना रडतंय म्हणून लपून पाजलं तर दूध उलटून श्वासात जाऊ शकतं.

चुंबकामुळे धातू चालत नाही. वाळे, मनगट्या, करदोडा, ताईत, कपड्याची पिन सगळं काढा. सोबत आत जाणाऱ्या बाईनेही मंगळसूत्र, जोडवी, केसांच्या पिना काढून जावं.

पुढचं कसं होईल, हे फोटोत कसं दिसतं?

आता आपल्या ताईच्या प्रश्नाकडे येऊ. बाळ किती बरं होईल याचा अंदाज बांधायला एमआरआयचा उपयोग होतो. त्यात मुख्यतः तीन गोष्टी बघतात.

पहिली, पाण्याची हालचाल. मेंदूच्या पेशींत आणि पेशींच्या मध्ये पाणी सतत हलत असतं. मार लागून किंवा श्वास अडकून पेशींना प्राणवायू मिळाला नाही तर त्या सुजतात आणि पाण्याला हलायला जागा उरत नाही. पाटात गाळ साचला की पाणी जागीच तुंबतं, तसं. एमआरआयच्या एका खास पद्धतीत असा भाग पांढरा चमकतो. असा भाग छोटा आणि एका बाजूला असेल तर आशा जास्त. मेंदूच्या दोन्ही बाजूंना पसरलेला असेल, किंवा अगदी आतल्या भागात असेल, तर काळजी जास्त.

दुसरी, रक्ताचे बारीक ठिपके. जोराच्या झटक्याने मेंदूतले बारीक तंतू ताणले जातात, तुटतात आणि त्यांच्याजवळ थेंबाथेंबाने रक्त सांडतं. सीटीत हे बहुधा दिसत नाही. पण रक्तात लोह असतं, ज्याच्यासाठी आपण लाल गोळ्या खातो तेच. लोहामुळे चुंबकाच्या कामात अडथळा येतो आणि एमआरआयच्या दुसऱ्या एका पद्धतीत तिथे काळे ठिपके उठतात. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा इथल्या डॉक्टर कॅरेन टाँग, स्टीफन अॅश्वाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोक्याला मार लागलेल्या मुलांचे हे ठिपके मोजले. २००४ मध्ये त्यांनी लिहिलं की ज्यांचे ठिपके कमी, ती मुलं सहा महिने ते वर्षभरानंतर बरी निघाली, आणि ज्यांचे ठिपके जास्त आणि मोठे, त्यांना जास्त अडचणी राहिल्या.

तिसरी, मेंदूतली रसायनं. त्याच मशीनवर सुई न टोचता मेंदूतली काही रसायनं मोजता येतात. एक रसायन निरोगी मज्जापेशींत भरपूर असतं, पेशी मेल्या की ते कमी होतं. दुसरं लॅक्टेट, ते पेशींना प्राणवायू कमी पडला की वाढतं. लोमा लिंडाच्याच डॉक्टरांनी २०१० मध्ये लहान मुलांबद्दल हे मांडलं. ही मुलं मारहाणीमुळे किंवा जोरात हलवल्यामुळे जखमी झालेली होती. ज्यांच्या मेंदूत लॅक्टेट दिसलं आणि पहिलं रसायन कमी होतं, त्यांची पुढची वाट जास्त अवघड ठरली. ही तपासणी सगळीकडे होत नाही आणि प्रत्येकाला लागतही नाही. मोठ्या रुग्णालयात तिचं नाव कानावर आलं तर घाबरू नये म्हणून सांगितलं.

फोटो कधी काढला, यालाही महत्त्व आहे

पडल्यावर तासाभरात काढलेला सीटी चांगला आला तरी सूज नंतर वाढू शकते. म्हणून 'रिपोर्ट नॉर्मल आहे, तरी लक्ष ठेवा' असं सांगतात. एमआरआयमध्ये तुंबलेलं पाणी पहिल्या काही दिवसांत चांगलं दिसतं. आठवडा उलटला की तीच जागा काही काळ जवळजवळ सारखी दिसायला लागते, जणू काही झालंच नव्हतं. त्याचा अर्थ ती बरी झाली असा नसतो. आणखी काही आठवड्यांनी, महिन्यांनी काढला तर तिथला मेंदू आक्रसलेला दिसतो.

त्यात बाळाचा मेंदू रोज बदलत असतो. पहिल्या वर्षात त्याचा आकार जवळपास दुप्पट होतो. त्याच्या तंतूंवर चरबीचं वेष्टण चढण्याचं मोठं काम पहिल्या दोन वर्षांत चालू असतं आणि फोटोतला रंगही त्याप्रमाणे बदलतो. बाळांचे फोटो वाचणं हे वेगळं शिक्षण आहे. मोबाईलवर एक शब्द शोधून ते होत नाही.

अंदाज म्हणजे निकाल नाही

हवामान खातं सांगतं, यंदा जिल्ह्यात पाऊस कमी. तो अंदाज अभ्यास करूनच दिलेला असतो. तरी एखाद्या शिवारात चांगला पडतो आणि शेजारच्या शिवारात ढग नुसते येऊन जातात. मेंदूच्या फोटोचंही तसंच आहे. असा फोटो असलेल्या पुष्कळ मुलांचं पुढे काय झालं, यावरून डॉक्टर अंदाज बांधतात. त्यातलं तुमचं बाळ नेमकं कोणतं, हे फोटोत लिहिलेलं नसतं.

फोटो खूप चांगला किंवा खूप वाईट असेल तेव्हा अंदाज जास्त खरा ठरतो. मधल्या फोटोंमध्ये तो जास्त चुकतो. आणि डॉक्टर नुसता फोटो बघून बोलत नाहीत. बाळ किती दिवस बेशुद्ध होतं, झटके आले का, श्वास थांबला होता का, दूध कसं गिळतं, हे सगळं त्यात धरतात.

मग फोटोचा उपयोग काय? हेच मी डॉक्टरांना विचारलं. त्यांच्या सांगण्याचा अर्थ मला असा समजला : पाऊस कमी पडणार असं कळलं म्हणून आपण शेत विकत नाही, पेरणीचं वाण बदलतो. डाव्या बाजूच्या मेंदूला मार आहे असं फोटोत दिसलं तर उजव्या हातापायाकडे पहिल्या दिवसापासून लक्ष देता येतं. हात आखडेपर्यंत वाट बघावी लागत नाही. नजरेच्या भागाला मार असेल तर डोळे आधी तपासता येतात. वाईट फोटो हा व्यायाम बंद करण्याचा निरोप नाही, तो लवकर सुरू करण्याचा निरोप आहे.

"लहान आहे, भरून निघेल" : अर्धं खरं

हे वाक्य गावातच नव्हे, डॉक्टरांमध्येही बरीच वर्षं चाललं. १९३६ मध्ये मार्गारेट केनार्ड या संशोधक बाईंनी माकडांवर प्रयोग करून दाखवलं की मेंदूला इजा झाल्यावर लहान पिल्लं मोठ्या माकडांपेक्षा चांगली हलू-फिरू लागतात. त्यावरून 'जितकं वय कमी तितकं चांगलं' असं मानलं गेलं. पुढे ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या व्हिकी अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोक्याला मार लागलेल्या मुलांकडे वर्षानुवर्षं पाहिलं. इजा मोठी असेल तर अगदी लहानपणी मार लागलेल्या मुलांना नंतर बोलणं, लक्ष देणं, शिकणं यात मोठेपणी मार लागलेल्यांपेक्षा जास्त अडचण येऊ शकते, असं त्यांना दिसलं.

कारण सोपं आहे. नऊ महिन्यांचं बाळ चालत नाही, बोलत नाही, पाढे म्हणत नाही. जे अजून सुरूच झालं नाही ते बिघडलंय का, हे आज कसं कळणार? पेरल्यावर उगवण कशी होते ते दिसतं, तसं ते त्या त्या वयातच दिसतं.

भरून निघतं हेही खरं आहे. बाळाचा मेंदू नवीन वाटा काढतो, एका भागाचं थोडं काम दुसरा भाग उचलतो. पण ते वापराने होतं. ज्या हाताला खेळणं मिळत नाही तो हात मागे राहतो.

दुसऱ्या एका गावातली मुलगी आठवते. मोटारसायकलवरून आईच्या मांडीवरून पडली होती. सीटी नॉर्मल आला, सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला, पाकीट कपाटात गेलं आणि पुन्हा कुणी तपासायला नेलं नाही. तीन वर्षांची झाली तरी दोन शब्द जोडून बोलत नव्हती, तेव्हा अंगणवाडी ताईंनी हटकलं. ते पडण्यामुळेच झालं असं डॉक्टरांनाही ठामपणे सांगता आलं नाही. पण मधे लक्ष ठेवलं असतं तर बोलण्याचे व्यायाम दीड वर्ष आधी सुरू झाले असते, एवढं नक्की.

घरी काय बघायचं?

माता व बाल संरक्षण कार्डात बाळाच्या वाढीचे टप्पे चित्रांसह दिलेले असतात. कार्ड फक्त लसीसाठी नाही, ते उघडून बघा. डोक्याला मार लागलेल्या बाळात विशेष बघायच्या गोष्टी अशा :

- बाळ एका वर्षाच्या आत सारखा एकच हात वापरतंय का? या वयात दोन्ही हात सारखे चालायला हवेत. 'डावखुरा होणार' असं म्हणून सोडून देऊ नका.
- नऊ महिन्यांपर्यंत आधाराशिवाय बसतं का? दीड वर्षापर्यंत चालतं का?
- दीड वर्षापर्यंत काही शब्द आणि दोन वर्षांपर्यंत 'आई दे' असे दोन शब्द जोडतं का?
- हाक मारली की बघतं का? हलत्या वस्तूमागे नजर फिरवतं का?
- येत असलेली गोष्ट करायचं थांबलं का?
- डोक्याचा घेर फार भराभर वाढतोय, की वाढतच नाही?

तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात आशाताई घरी येतात, ती भेट याच कामाची आहे. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं. बाळ मागे वाटलं तर ते जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. तिथे हातापायाचे व्यायाम, बोलणं, नजर, ऐकणं यांच्यावर काम होतं. पथक येईपर्यंत थांबायची गरज नाही, आरोग्य केंद्रातून चिठ्ठी घेऊनही जाता येतं.

डॉक्टरांना विचारायचे पाच प्रश्न

कागदावर लिहून न्या. विचारायला लाजू नका.

१. मेंदूच्या कोणत्या बाजूला, किती मार आहे?
२. त्यामुळे कोणत्या कामावर परिणाम होऊ शकतो? हात, पाय, नजर, बोलणं?
३. घरी काय दिसलं तर लगेच आणायचं?
४. व्यायाम कधीपासून, कोण शिकवेल?
५. पुढची तपासणी कधी? पुन्हा फोटो लागेल का?

फिल्म, रिपोर्ट आणि डिस्चार्ज कार्ड एकाच पिशवीत ठेवा, ओल लागू देऊ नका. जुना फोटो नसेल तर नवीन डॉक्टरला तुलना करता येत नाही आणि खर्च दुसऱ्यांदा होतो.

पैशाचं आणि गटाचं

दवाखान्यात पोहोचल्या पोहोचल्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला भेटा आणि आपला उपचार योजनेत बसतो का विचारा. रेशन कार्ड आणि आधार सोबत ठेवा. आमच्या ताईने घाईत गटातून दहा हजारांचं अंतर्गत कर्ज उचललं, आरोग्यमित्राला भेटायचं असतं हे तिला चौथ्या दिवशी कळलं. ग्रामसंघाच्या जोखीम प्रवणता निधीतून मदत मिळू शकते, तेही विचारा. आणि व्यायामाला दर पंधरा दिवसांनी जायचं एसटीचं भाडं हा खरा लांबचा खर्च असतो. बहुतेकजणी तिथेच थांबतात. गटाने कर्ज देताना त्याचाही विचार करावा.

एक नाजूक गोष्ट

बाळ रडायचं थांबत नाही, दिवसभराचं काम, झोप नाही, अशा वेळी राग येतो. सगळ्यांनाच येतो. पण रागाच्या भरात बाळाला दंडाला धरून जोरजोरात हलवलं तर डोकं न आपटताही मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, कारण मान त्या झटक्याला आवरू शकत नाही. मांडीवर खेळवणं, झोळीत झोके देणं याने तसं होत नाही. खूपच असह्य झालं तर बाळाला सुरक्षित जागी उताणं ठेवा, दोन मिनिटं बाहेर या, शेजारणीला हाक मारा. हे घरातल्या पुरुषांनाही सांगा. आणि शेजारणीने हाक मारली तर आपण जा.

शेवटी, त्या ताईचं बाळ

पोरगं आता सव्वादोन वर्षांचं आहे. एकोणिसाव्या महिन्यात ते चाललं. उजवा पाय जरा ओढतं. उजव्या हाताची मूठ अजून पूर्ण उघडत नाही, म्हणून आई भाकरीचा तुकडा मुद्दाम त्याच हातात देते आणि डावा हात पदराखाली धरून ठेवते. 'आजी ये' म्हणतं. शाळेत गेल्यावर कसं असेल ते तेव्हा कळेल. डॉक्टरही तसंच सांगतात आणि ताईने ते मान्य केलं आहे. पैसा घालून काय उपयोग म्हणणाऱ्या सासूबाई आता स्वतः त्याला एसटीने केंद्रात घेऊन जातात. जिन्याला कठडाही बसला आहे.

मागच्या बैठकीत मी तिला विचारलं, ते पाकीट कुठंय? म्हणाली, "हाय की पेटीत. डॉक्टरला दावायला लागतं. मी नाही बघत, मी पोराकडं बघते."

ताईंनो, पुढच्या मासिक बैठकीत हा लेख मोठ्याने वाचा. ज्यांच्या घरी दोन वर्षांखालचं बाळ आहे त्यांची नावं काढा. कुणाच्या जिन्याला, गच्चीला कठडा नाही ते बघा आणि त्यासाठी कर्जाची मागणी आली तर ती आधी घ्या. आणि डोक्याला मार लागलेलं बाळ कुणाच्या घरी असेल, फोटो चांगला आलेला असो की वाईट, तर त्या आईला तपासणीला एकटी पाठवू नका. गटातल्या एकीने सोबत जावं.

आपली,
क्षेत्र समन्वयक